झुबकेरावाचा उजवा गाल

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात, असं मध्येच विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच बंद करीन.

तर बाळांनो, अस्वलाचं नाव झुबकेराव. वय लग्नाचं, अंगावर केस चौघांना पुरतील इतके, आणि स्वभाव एकदम गरीब. नदीपलीकडच्या भुरकेअण्णांच्या जांभळीला त्यानं करवंदं वेचताना एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला मध गोड लागेना. आई समजून गेली. तिनं निरोप पाठवला आणि बुधवारी मुलगी बघायला जायचं ठरलं.

आता त्या जंगलात अस्वलांची एक रीत होती. मुलगी बघायला जाताना नवऱ्या मुलानं दोन्ही गाल साफ करून जायचं. केसांखाली चेहरा आहे की नुसतेच केस आहेत, हे मुलीकडच्यांना कळायला नको का?

हे काम पिढ्यान् पिढ्या नांगेमामाकडे होतं. नांगेमामा म्हणजे खेकडा. काखेत धोकटी मारून तो तिरका तिरका यायचा, गालाला पाणी लावायचा, जंगलभरच्या भानगडी सांगायचा आणि भानगड संपायच्या आत दाढी उरकायचा.

"मामाला बोलावून घे रे," आई म्हणाली.

"छे! माझी मी करणार," झुबकेराव म्हणाला.

झालं होतं काय, की माकडानं वडाखाली नवं दुकान टाकलं होतं. दाढीची मशीनं, सात तऱ्हेची ब्लेडं, नऊ तऱ्हेचे साबण, तुरटीचे खडे, कोरफडीचा गर, चंदनाचं पाणी. रानडुकराच्या केसांचा ब्रशसुद्धा होता. रानडुकरानं तो पाहिला आणि म्हणाला, "अरेच्चा, हे तर माझेच! गेल्या उन्हाळ्यात गळले होते." झुबकेरावानं मात्र सगळं दुकान पाठीवर घालून घरी आणलं.

पहिल्या दिवशी फेस असा झाला, की शेजारची ससीण पोरांना घेऊन पळाली. तिला वाटलं, नदीला पूर आला. दुसऱ्या दिवशी हनुवटी कापली. तिसऱ्या दिवशी गालाची आग आग झाली. झुबकेराव तुरटी चोळत नाचत होता आणि आई दारात उभी राहून बघत होती.

"काय रे, लागलं का?"

"नाही गं. ब्लेड जरा तिखट आहे."

मग त्याला प्रश्न पडला. आग झाली ती ब्लेडनं, साबणानं, की चंदनाच्या पाण्यानं? सगळंच एकदम बदललेलं. आता दोष द्यायचा कोणाला? विचार करकरून त्यानं एक युक्ती काढली. डाव्या गालावर सगळे प्रयोग करायचे आणि उजव्याला हातच लावायचा नाही. गुरुवारपर्यंत तसाच ठेवायचा. म्हणजे फरक कळेल.

नांगेमामा मुद्दाम बघायला आला. त्यानं दोन्ही गाल पाहिले आणि डोळे आत ओढून घेतले.

"मालक, तुमच्या आजोबांची दाढी मी केली, वडिलांची केली. कुणाच्या गालाची अशी परीक्षा नाही घेतली हो."

बुधवार उजाडला. आईनं कपाळावर हात मारला.

"मेल्या, आज मुलगी बघायला जायचं! तो उजवा कर की आधी!"

"उद्या गुरुवार आहे ना आई. एका दिवसासाठी सगळं फुकट घालवू?"

"आणि मुलगी फुकट गेली म्हणजे?"

 झुबकेरावाला जांभळी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्यानं ब्लेड उचललं, उजव्या गालापर्यंत नेलं आणि परत ठेवलं. काय करणार? छंद वाईट, बाळांनो.

भुरकेअण्णांच्या गुहेत आईनं त्याला भिंतीला लावून डावा गाल पुढे करून बसवलं. मोहाची फुलं आली. गप्पा झाल्या. डावा गाल उन्हात कसा तुकतुकत होता! एवढ्यात अण्णा म्हणाले, "जावईबापू, जरा इकडे तोंड करा पाहू."

झुबकेराव वळला. 

"हा... प्रयोगासाठी ठेवलाय," तो पुटपुटला. आईनं पंजात तोंड लपवलं.

अण्णा उठले. जवळ आले. डाव्या गालावरून त्यांनी पंजा आधी सुलट फिरवला, मग उलट फिरवला.

"ब्लेड कितव्यांदा वापरलंत?"

"चौथ्यांदा."

"तिसऱ्यांदाच टाकायचं! आणि तुरटीनंतर कोरफड की आधी?"

झुबकेरावानं वर पाहिलं. अण्णांच्या हनुवटीखाली, केसांच्या आड, कापल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या. बायको घरात करू देत नाही म्हणून बिचारे वीस वर्षं वारुळामागे बसून दाढी करत होते! बोलायला एक जीव भेटला नव्हता.

मग काय विचारता! दोघांचं जे सुरू झालं, ते सूर्य डोक्यावर आला तरी चालूच. जांभळी दोनदा फुलं ठेवून गेली, दोनदा तशीच उचलून घेऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, मला यांना एक विचारायचंय."

"थांब गं, उलट्या हाताचं चाललंय."

"रोज सकाळी तुम्हाला याला किती वेळ लागतो हो?" तिनं विचारलंच.

झुबकेरावाला खोटं बोलता येत नव्हतं. "सध्या दीड तास. पण हात बसला, की सव्वावर येईल."

जांभळी खो खो हसली. "आमच्या आईनं असला एक सांभाळला. मी दुसरा नाही हो सांभाळणार." आणि आत निघून गेली.

लग्न मोडलं. पुढच्या महिन्यात जांभळीनं डोंगरावरच्या एका अस्वलाला होकार दिला. त्याचे दोन्ही गाल नांगेमामानं केले होते. झुबकेराव तीन दिवस गुहेबाहेर आला नाही. रडला. खरंच रडला. ब्रश कोरडा पडला.

चौथ्या दिवशी दारात कोणीतरी खाकरलं. बघतो तर भुरकेअण्णा, काखेत गाठोडं.

"जावईबापू, नवा साबण आणलाय. डावा गाल तुमचा, उजवा माझा. बघूया?"

तेव्हापासून दर बुधवारी दोघं नदीकाठी बसतात. फेस वाहत खालपर्यंत जातो आणि मासे शिव्या देतात. डोंगरावरच्या खऱ्या जावयाला अण्णा नुसती नावानं हाक मारतात. जावईबापू म्हणतात ते झुबकेरावालाच.

तात्पर्य : मुलगी बघायला जाताना दाढी अर्धीच करून जावं. पूर्ण करून जाणाऱ्याचं नुसतं लग्न होतं.