नानांची दोन मिनिटं

घाटकोपर स्टेशनच्या जिन्यात मी आपटले तेव्हा एक चप्पल पायात होती, दुसरी चार पायऱ्या खाली, आणि नाना वरून ओरडत होते, "वहिनी, उठा! दोन मिनिटं हातात आहेत!"

"तुमच्या दोन मिनिटांना आग लागो," मी म्हटलं. पण उठले.

नाना आमचे नाहूरचे शेजारी. साकीनाक्याला कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. गाडी लेट झाली की लोक शिव्या घालतात, नानांचा चेहरा खुलतो. "आधीची गाडी अजून आलीच नाही ना? मग ती आपलीच!" कुठल्या खांबापाशी उभं राहिलं की दार जिन्यासमोर येतं, सगळं पाठ. कुणी विचारत नाही, तरी सांगतात. ते येताना दिसले की मी दार लावून घेते.

त्या दिवशी मात्र मीच म्हटलं होतं, मला सुमनकडे न्या. सुमन त्यांची बायको, माझी मैत्रीण. सगळं विसरायला लागली म्हणून तिला कांदिवलीच्या एका आश्रमात ठेवलंय. पाचला तिला गोळी देतात, मग ती झोपते. त्याआधी पोचायचं. नाना रोज जातात. नाहूरहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, मग पुढची गाडी.

अंधेरीला गाडी उभी दिसली. नाना बोर्ड वाचत म्हणाले, "थांबा, आपली स्लो लेट..."

मी कसली थांबते! शाळा चौथीपर्यंत, अक्कल स्टेशनमास्तरची. चढले. नाइलाजानं नानाही चढले. गाडी फास्ट निघाली. कांदिवली खिडकीतून मागे गेलं.

नाना नुसतं घड्याळाकडे बघत राहिले. दोन मिनिटांचं नाव नाही. मला मेलं ते सहन होईना.

"ओरडा तरी माझ्यावर!"

"ओरडून काय, वहिनी? ती माझं नावसुद्धा विसरली. रोज एवढंच विचारते, गाडी कशी मिळाली. आज विचारायच्या आत झोपेल."

ज्या बडबडीला मी दार लावत होते, तिचीच सुमन रोज वाट बघत होती.

बोरिवलीला उतरून उलटी गाडी धरली. तीही लेट होती, म्हणून मिळाली. आश्रमात शिरलो तर नर्स गोळी आणि पाणी घेऊन उभीच होती. सुमननं माझ्याकडे पाहिलं, ओळख नाही. मग नानांकडे वळून म्हणाली, "गाडी कशी मिळाली हो?"

नाना उभं राहून सांगायला लागले. जिना, चप्पल, फास्ट गाडी. मी कशी पडले ते करून दाखवलं, वर मी लंगडले नव्हते तेवढं लंगडूनही दाखवलं. सुमन तोंडावर हात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नर्स गोळी घेऊन थांबून राहिली.

"अगंबाई," सुमन म्हणाली, "कोण हो ती वेंधळी बाई?"

"मी," मी म्हटलं.