ग्राफिक्स कार्डाचा निरोप समारंभ

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर रेडीजांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू झाला नाही, कारण जुन्या कार्डाला निरोप समारंभ न करताच काढण्यात आलं होतं.

हे कारण कळायला दुपार उजाडली. तोपर्यंत अनंतराव रेडीजांची समजूत अशी होती की आपल्याच हातून एखादा स्क्रू उलटा बसला असणार. कार्ड त्यांनीच आणलं होतं आणि बसवलंही त्यांनीच. त्यांची मुलगी मैथिली न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवायची. बघणाऱ्याला वाटावं, आपण या फ्लॅटात राहूनच आलो. चांगली नोकरी सोडून तिने स्वतःचं पहिलं काम घेतलं होतं आणि त्याच संध्याकाळी सहाच्या आत ती फिल्म पुण्याच्या बिल्डरला पोचायची होती. नाही पोचली तर काम दुसऱ्याला, हे बिल्डरने गोड शब्दांत दोनदा सांगून ठेवलं होतं. जुनं कार्ड गेले आठ दिवस धापा टाकत होतं. म्हणून सकाळी मैथिली अंघोळीला गेल्याचं बघून अनंतरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, जुनं कार्ड उपसलं, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि नवीन खोचलं. पोरीला अचानक आनंद द्यायचा होता. माणसाला आनंद द्यायची हौस आली की असंच काहीतरी होतं.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवा लागला. आतून तीन छोटे बीप आले आणि पडदा काळाठिक्कर राहिला.

"बाबा!" ओल्या केसांनिशी दारात उभी राहून मैथिली ओरडली. "आज? तुम्हाला आजच सुचलं?"

मग दोघांनी मिळून सगळं करून पाहिलं. कार्ड काढून पुन्हा दाबून बसवलं. सप्लायच्या वायरी तपासल्या. मॉनिटरची वायर जुन्याच भोकात राहिली की काय ते पाहिलं. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. प्रत्येक वेळी तेच तीन बीप आणि तोच अंधार. एक वाजला तसा अनंतरावांनी ओटीवर बसून डबा खाल्ला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ते रोज सकाळी डबा मागत आणि त्यांच्या पत्नी निर्मलाताई तो भरून देत. घरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

शेवटी शब्बीर परकारला बोलावलं. मार्कंडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानेही आल्या आल्या रॅम खोडरबराने घासली आणि काही झालं नाही तेव्हा तो जरा ओशाळला. मग त्याने बीप पुन्हा ऐकले आणि मान वर केली.

"काका, जुनं कार्ड कुठाय?"

"माळ्यावर."

"माळ्यावर? आणि निरोप कधी दिलात?"

अनंतरावांनी माळ्याकडे पाहिलं.

"दिलाच नाही?" शब्बीरच्या हातातला पेचकस खाली पडला. "काकू, ऐकलंत? नऊ वर्षं काम केलेलं कार्ड पेपरात गुंडाळून माळ्यावर!"

निर्मलाताईंनी तोंडाला पदर लावला. "अहो, मला वाटलं, तेवढं तरी केलं असेल तुम्ही."

"म्हणून आत सगळ्यांनी काम बंद केलंय," शब्बीर म्हणाला. "तीन बीप म्हणजे निषेध."

"पण पंखे फिरतायत ना," मैथिली म्हणाली.

"पंखे कंत्राटी असतात. त्यांना बंदमध्ये भाग घेता येत नाही."

अनंतरावांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या कोणाच्या हातून हे घडतं तर समजण्यासारखं होतं. पण ज्या सरकारी कार्यालयात ते होते तिथे निरोप समारंभ म्हणजे रेडीज, असं समीकरणच होतं. शिपाई निवृत्त होवो की साहेब, नारळ सोलून आणायचा तो रेडीजांनी, वेफर मोजून द्यायचे ते रेडीजांनी, साहेबांनी वाचायचं भाषण लिहायचं तेही रेडीजांनी. तोच माणूस एका कार्डाला चोरासारखा बाहेर काढतो, ही गोष्ट त्यांची त्यांनाच पटेना.

"जुनंच परत बसवलं तर? आजच्यापुरतं?" मैथिलीने विचारलं.

"निवृत्त झालेल्याला परत खुर्चीत? मुदतवाढीच्या आदेशाशिवाय?" शब्बीरला हा दुसरा धक्का होता. "ताई, मग सप्लायसुद्धा जाईल."

म्हणजे समारंभ करणं आलं. अनंतरावांनी शिडी लावली, माळ्यावरून कार्ड उतरवलं, ब्रशने त्याच्यावरची धूळ झटकली आणि टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरून त्यावर ठेवलं. अध्यक्षस्थान हार्ड डिस्कला द्यायचं ठरलं, कारण कॉम्प्युटरच्या डब्यात सेवाज्येष्ठ तीच होती. मैथिलीने कोपऱ्यावरून पेढे आणले. शब्बीर वेफरवर अडून बसला. त्याच्या मते वेफरशिवाय समारंभ कायदेशीर होत नव्हता. परसातला नारळ होताच.

"शाल?" शब्बीर म्हणाला.

"आहे की," निर्मलाताई उठल्या. "ह्यांच्या निरोपाला मिळालेली आहे ना कपाटात. अजून घडीसुद्धा मोडली नाहीये."

"ती नको," अनंतराव एकदम म्हणाले.

"का? वेळ काय, तुमचं चाललंय काय? पोरीचं काम अडलंय." आणि त्या शाल घेऊनही आल्या. तांबूस, जरीच्या काठाची. त्यांनी ती घडी मोडून कार्डावर पांघरली. अनंतरावांनी मान दुसरीकडे वळवली.

पावणेपाच वाजले होते. अनंतराव टेबलामागे उभे राहिले, घसा साफ केला. "सन्माननीय अध्यक्ष, आज आपल्यातून एक मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि सदैव हसतमुख सहकारी निवृत्त होत आहे. निरोप देताना अंतःकरण जड झाले आहे. त्यांचे पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो."

टाळ्या झाल्या. मैथिलीने बटण दाबलं. तीन बीप.

अनंतराव चक्रावलेच. हे भाषण आजवर कोणी नाकारलं नव्हतं. उलट, हेच ऐकून एक अत्यंत खडूस अधिकारी हुंदका आवरत बाहेर गेला होता.

"वेफर कमी पडले काय?" शब्बीरने पुडी चाचपली. मग त्याला सुचलं. "काका, हे भाषण तुम्ही कुठे टाइप करायचात?"

"इथेच. रविवारी. नाव तेवढं बदलायचं."

"मग मेलं. अध्यक्षांना ते तोंडपाठ आहे."

मैथिली नुसती घड्याळाकडे बघत होती. ते अनंतरावांना तिच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी पुन्हा टेबलाचा काठ धरला. या खेपेला लिहिलेलं काही नव्हतं, त्यामुळे सुरुवातही नीट होईना.

"हे कार्ड," ते म्हणाले, "मैथिली बारावीत असताना आलं. तिचा निकाल आम्ही ह्याच्यातून पाहिला. माझा मोठा भाऊ मस्कतला वारला. त्याला शेवटचं बघितलं तेही ह्याच्यातूनच. उन्हाळ्यात हे तापायचं, घरघरायचं, आणि मी ह्याला शिव्या घालायचो. चांगलं असं एकदाही काही बोललो नाही. आज सकाळी उपसताना मी म्हणालो, चला, सुटलो एकदाचे." त्यांनी रुमालाचं टोक सरळ केलं. "असं करू नये. जाणाऱ्याला कोणी काही बोललं नाही, तर तो घरी येतो, जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डबा मागतो. त्याला कळतच नाही की झालं."

"म्हणजे?" निर्मलाताई म्हणाल्या.

"ही शाल मी विकत घेतली. स्टँडसमोरच्या दुकानातून. नारळपण."

"आणि समारंभ?"

"झाला नाही. सगळ्यांना वाटलं, रेडीज बघतील. दर वेळी मीच बघायचो ना. आता स्वतःचा नारळ स्वतः कसा आणून ठेवायचा? साडेपाचला सगळे आपापल्या घरी गेले. मग मीही निघालो."

निर्मलाताई मटकन खुर्चीत बसल्या. नवऱ्याच्या निरोप समारंभाचं वर्णन त्यांनी गेली तीन वर्षं अख्ख्या आळीत सांगितलं होतं. "साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणालात."

"पाणी आलं होतं. पण साहेबांच्या नाही."

तेवढ्यात कॉम्प्युटरने कोणी हात न लावता एक लांब बीप दिला. शब्बीरने हळूच सांगितलं की निरोप मान्य झाला, कार्ड सन्मानाने मोकळं. पडदा मात्र काळाच होता. मैथिलीने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"अध्यक्ष अजून उठलेले नाहीत," शब्बीर कॉम्प्युटरला कान लावून म्हणाला. "आभार बाकी आहेत."

"आभार एवढ्यात होणार नाहीत," अनंतराव सवयीने बोलून गेले. "एका कार्यक्रमात दोन सत्कार असले, की दोन्ही झाल्यावरच आभार."

"दुसरे सत्कारमूर्ती कोण?" शब्बीरने विचारलं आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिघंही अनंतरावांकडे बघायला लागली.

"काहीतरीच काय," अनंतराव म्हणाले. मैथिलीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ते बसले, कारण साडेपाच वाजायला आले होते आणि पोरीचं काम अडलं होतं.

शाल एकच होती. निर्मलाताईंनी ती कार्डावरून काढली, झटकली आणि नवऱ्याच्या खांद्यावर घातली. नारळ त्यांच्या हातात दिला. मग बोलायला उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या.

"हे मनमिळाऊ वगैरे काही नाहीत," त्या म्हणाल्या. "मीठ कमी असलं तर दोन दिवस बोलत नाहीत. पण पूर आला तेव्हा छातीभर पाण्यातून ऑफिसातली कागदपत्रं वरच्या मजल्यावर नेली आणि घरी येऊन मला एवढंच सांगितलं, चप्पल वाहून गेली." त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली. "मी रोज डबा भरत गेले. एकदाही विचारलं नाही, कुठे निघालायत म्हणून. चुकलंच माझं. अहो, नोकरी संपली. आता घरी या."

अनंतरावांनी नारळ मांडीवर ठेवला आणि ते लहान मुलासारखे रडले. मैथिली टाळ्या वाजवत होती आणि त्याच हातांनी तिला डोळेही पुसायचे होते, त्यामुळे दोन्ही धड होत नव्हतं. शब्बीरने उपस्थितांचे, अध्यक्षांचे आणि वेफरवाल्याचे आभार मानले.

एक छोटा बीप आला आणि पडदा उजळला.

नव्या कार्डाने राहिलेला तुकडा झरझर पुरा केला आणि फिल्म सहाच्या आत पुण्याला गेली. नवीन कार्डाला निर्मलाताईंनी अंगणातलं गुलाबाचं फूल वाहिलं. बिचारं कार्ड आल्यापासून दडपून गेलं होतं. जुनं कार्ड शोकेसमध्ये, अनंतरावांच्या भावाच्या फोटोशेजारी ठेवण्यात आलं. शब्बीरने दुरुस्तीचं काही घेतलं नाही, उरलेले वेफर तेवढे नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाताईंनी नेहमीप्रमाणे डबा घासून ओट्यावर ठेवला. अनंतराव स्वयंपाकघरात आले, त्यांनी डब्याकडे पाहिलं, तो उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि विचारलं, "आज जेवायला काय आहे?"