स्टोल्टन महिला मतदार मंडळाची निःपक्षपाती वाटचाल

स्वतःचे मत असणे ही लोकशाहीतील फार मोठी अडचण आहे. एकदा मत बनले की माणूस दुसऱ्याचे ऐकत नाही, भांडतो, आणि पुढेमागे मतदानही करून बसतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या स्टोल्टन गावच्या महिला मतदार मंडळाने हा धोका वेळीच ओळखला आणि शंभर वर्षांत मंडळाला एकाही बाबतीत स्वतःचे मत होऊ दिले नाही. एवढा संयम साधुसंतांनाही जमलेला नाही.

मंडळ निघाले ते बायकांना नुकताच मताधिकार मिळाला तेव्हा. संस्थापक ऑटिली ब्रँडव्होल्ड. या बाईंनी मताधिकारासाठी आठ वर्षे चौकाचौकात भाषणे केली, अंडी झेलली (अंगावर, तेव्हा अंडी स्वस्त होती), आणि अधिकार हाती येताच पहिल्याच बैठकीत नियम केला की मंडळात मतदान होणार नाही. मतदानात कोणीतरी हरते, आणि हरलेली बाई पुढच्या बैठकीला लिंबाच्या वड्या करून आणत नाही. म्हणून आधी विषयाचा अभ्यास करायचा, मग सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चर्चा करायची.

या पद्धतीची फळे गाव आजही चाखत आहे. नदीवरच्या धोकादायक लाकडी पुलाचा अभ्यास पूर्ण झाला तेव्हा पूल वाहून जाऊन त्याच्या जागी सिमेंटचा नवा उभा होता. अहवालात त्याबद्दल समाधान व्यक्त केले आहे. दात किडू नयेत म्हणून पिण्याच्या पाण्यात औषध घालावे काय, हा विषय अजून उपसमितीकडे आहे (तिन्ही सभासदांना आता कवळ्या आहेत). निवडणुकीआधी उमेदवारांची जाहीर सभा मंडळच भरवते, आणि प्रत्येकाला घड्याळ लावून सारखा वेळ देते. एकदा एका उमेदवाराला बोलता बोलता ठसका लागला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच वेळ खोकायला देण्यात आला होता.

सध्याच्या अध्यक्षा अर्लिस टोलेफसन या परंपरेचा कळस म्हणाव्यात अशा. घरी जेवायला बोलावले तर पाहुण्यांना बटाटा आणि रुटाबागा (सलगमासारखा एक कंद) सारखाच वाढतात, आणि कोणता चांगला झालाय ते विचारू देत नाहीत. असे असूनही अर्लिसची एक हळवी जागा होती. गावचे वाचनालय. नवरा नॉर्वल्ड गेल्यापासून ती रोज दुपारी तिथे जायची आणि खिडकीशी, हीटरच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. तिथे कोणीतरी "काय अर्लिस, गारठा काय म्हणतोय?" असे विचारायचे. घरी विचारणारा फक्त फ्रिज होता, आणि तोही एकसुरी घुरघुरायचा.

अशात वाचनालयाचे पैसे संपले. ते चालू ठेवायला थोडा कर लावावा का, हा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आला. नाही म्हटले तर वाचनालय बंद. मंडळाने रिवाजाप्रमाणे माहितीपत्रक काढायला घेतले: डावीकडे बाजूने, उजवीकडे विरोधात, दोन्हीकडे शब्द मोजून सारखेच. डावीकडचे गावातल्या शिक्षकांनी लिहून दिले. उजवीकडचे पंचायतीतले ड्वेन लिंडक्विस्ट देणार होते. त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. त्यांनी खिळ्यांच्या पाकिटावर लिहून पाठवले, "कर नको."

"दोन शब्द!" चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता मार्व्हेल हौगेन म्हणाली. मार्व्हेल म्हणजे मंडळाची सचिव, अर्लिसची बालमैत्रीण. "झ्याक झालं. आता आपल्या बाजूलाही दोनच शब्द टाकू. 'वाचनालय हवं.' संपलं!"

"आपली बाजू?" अर्लिसने कप खाली ठेवला. "मार्व्हेल, आपल्याला बाजू कधीपासून आली?"

"अगं, तुझी ती खुर्ची जाईल ना, बाई!"

"म्हणूनच तर. मला खुर्ची हवीय, हे माहितीय ना मला. म्हणून उजवीकडचं मीच लिहिते. तुम्ही कुणी लिहिलंत तर लोक म्हणतील, माझ्या खुर्चीसाठी मुद्दाम पडेल लिहिलं."

"आणि तू चांगलं लिहिलंस तर?"

"चांगलंच लिहायला हवं," अर्लिस म्हणाली. "नाहीतर तो अन्याय होईल."

अर्लिसने पूर्वी शाळेत निबंध शिकवले होते. तिने कराचा बोजा लिहिला, एकट्या म्हाताऱ्यांचे हाल लिहिले (अनुभव होता), आणि रिकामी इमारत बर्फ काढायच्या गाडीला किती सोयीची पडेल, हेही सुचवले. पत्रक घरोघर गेले. ड्वेन स्वतः तिच्या दारात येऊन टोपी काढून म्हणाले, "अर्लिसबाई, खरं सांगू? मी आपलं सवयीनं नाही म्हणत होतो. तुमचं वाचलं आणि मला पटलंच की हो!"

मतदानाच्या दिवशी अर्लिसने मतपत्रिकेवरचे गोल भराभर भरले, आणि वाचनालयापाशी तिचे पेन अडले. मनातून 'हो' म्हणायचे होते. पण ते खुर्चीसाठी, म्हणजे स्वार्थ. उलट बाजूचा युक्तिवाद निःस्वार्थ होता, शिवाय चांगला लिहिलेला. मागे रांग खोळंबली. अर्लिसने तो विषय पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला आणि पत्रिका पेटीत टाकली.

मते बरोबरीत पडली. दोन्ही बाजू गावाला इतक्या समसमान समजावल्याबद्दल मंडळाचे जाहीर अभिनंदन झाले. बरोबरी झाली तर ठराव नामंजूर, असा नियम असल्याने वाचनालय बंद झाले.

"एक पत्रिका त्या प्रश्नापुरती कोरी निघाली म्हणे," मार्व्हेल पुढच्या बैठकीत फणफणली. "एकच! कोण गं ती बया? हो नाहीतर नाही, काहीतरी भरायचं की!"

"तिचीही काही बाजू असेल," अर्लिस म्हणाली. हातातली लिंबाची वडी तिने बशीत परत ठेवली.

आता त्या इमारतीत बर्फ काढायची गाडी उभी असते. जागा खरोखरच सोयीची पडली. अर्लिस दुपारी रस्त्यापलीकडे आपली मोटार लावते, हीटर चालू करते आणि त्या खिडकीकडे बघत बसते. कधी रडते. गारठा काय म्हणतोय, हे कोणी विचारत नाही.

वाचकांना तिचे हसू येणे स्वाभाविक आहे. आपल्या वॉर्डात मागच्या निवडणुकीला कोण कोण उभे होते, आणि मतदानाच्या सुट्टीला जोडून आपण कोणत्या गावी गेला होता, हे इथे विचारणे निःपक्षपातीपणाला धरून होणार नाही. फक्त नोंदीसाठी: अर्लिस रांगेत उभी राहिली होती.