सुरुवात सांगा

आमच्या भाऊजींपुढे कोणी साधं "जरा बरं वाटत नाही" म्हटलं, तरी ते औषध सुचवत नाहीत, विचारतात, "सुरुवात सांगा. कवापासून?" स्टँडवर अनोळखी माणसानं वाशीमची बस गेली का विचारलं, तर म्हणतात, "तुमी कवा आले, ते सांगा आधी." बहीण गेल्यापासून हे फारच वाढलं.

भाऊजी म्हणजे माझ्या त्या बहिणीचे यजमान. मालेगावच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना डिफरन्शियल इक्वेशन शिकवतात. तेही तासिकेवर, तास झाला तर पगार, नाही तर रामराम. हा विषय त्यांनी एकदा मला चहावर समजावला.

"चहा कसा निवते, ते समीकरण सांगते. पण आत्ता किती गरम हाय, ते काढाले सुरुवात मालूम पाहिजे. नाही तं उत्तरात एक सी, म्हंजे मालूम नसलेला आकडा, तसाच लटकून राह्यते."

तोवर माझा चहा निवला होता. मला विषय तेवढाच समजला.

यंदा त्या वर्गात कोणी बसेना. पोरं कॉलेजात नाव टाकतात आणि वाशीमला पोलीस भरतीसाठी धावायला जातात. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. एवढं शिकून भाऊजी कुठं पोचले, हे त्यांना दिसतंच. शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, सोमवारी येऊन पाहतो. वर्ग रिकामा असला तर विषय बंद.

सोमवारी सकाळी भाऊजी माझ्या दारात.

"रामभाऊ, तुमी बसा वर्गात."

"मी? भाऊजी, केस पाहा माझे!"

"टोपी घाला."

नातवाची टोपी घालून शेवटच्या बाकावर बसलो. भाऊजींनी हजेरी घेतली. मी "येस सर" म्हणालो. खच्चून भरलेल्या वर्गात शिकवावं तसं ते शिकवत होते, मी जांभई दिली तर "मागं काय चालू हाय?" म्हणून दटावलंसुद्धा.

प्राचार्य दारात आले. माझ्याकडे पाहत राहिले.

"काय हो, आज वांगे नाही आणले?"

दर बाजाराला ते माझ्याकडूनच भाजी नेतात, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

विषय बंद झाला.

दुसऱ्या दिवशी, तासाच्या वेळेला, भाऊजी माझ्या मळ्यात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात खडू. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या लोखंडी दारावर लिहू लागले.

"कालचं गणित अर्धं राह्यलं तुमचं."

"आता कायले, भाऊजी? झालं ना सारं."

ते लिहीतच राहिले. उत्तराशी आले, अधिक सी लिहिला आणि खडू थांबला.

"तुमच्या बहिणीले दवाखान्यात नेलं, तवा डॉक्टरनं विचारलं, दुखणं कवापासून हाय. मले सांगताच आलं नाही, रामभाऊ. एका घरात राहून."

मी वांग्यांची पाटी बाजूला सारली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर बसलो.

"हजेरी घ्या, सर."

दाराकडे तोंड ठेवूनच त्यांनी माझं नाव पुकारलं.