हमीद सरांचा पोट-फोलिओ

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. हमीद सर व्हर्निअर लावायचे. व्हर्निअर म्हणजे बारीक मापं घ्यायचं पोलादी साधन. केसाची जाडीसुद्धा सांगतं. ते खिशातून अर्धं बाहेर डोकावत असायचं, आणि समोर जे येईल ते सर मोजायचे. कँटीनमधली जिलबी मोजली. माझ्या लग्नपत्रिकेचा कागद मोजला. प्राचार्यांच्या वाढदिवसाला केकचे तुकडे वाटले गेले, तेव्हा प्राचार्यांच्या ताटलीत व्हर्निअर घालून म्हणाले, "साहेब, तुमचा चार एमएम जास्त हाय. हुद्द्याच्या मानानं बरोबर हाय."

मुरुमजवळच्या आमच्या आयटीआयत मी कॉम्प्युटर शिकवते. सर फिटरच्या पोरांना शिकवायचे. मी रुजू झाले त्या दिवशी सगळ्यांनी नाव, गाव, शिक्षण विचारलं. सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. खाली वाकून म्हणाले, "मॅडम, तुमच्या टेबलाचा एक पाय तीन एमएम कमी हाय." मला वाटलं, काय विक्षिप्त माणूस आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर टेबल डुगडुगत नव्हतं. त्या पायाखाली लोखंडाची एक छोटी चकती, कडा गुळगुळीत घासलेली.  मी सरांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "डोळा खोटं बोलतो, मॅडम. माप बोलत न्हाय." हे ते कशावरही म्हणायचे.

पुढं आमचं भांडण झालं ते ई-पोर्टफोलिओवरून.

वरून आदेश आला की, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचा इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ करायचा. म्हणजे पोरांनी हातानं जे बनवलं, ज्याला आम्ही 'जॉब' म्हणतो, त्याचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढायचे, आपण काय शिकलो ते दोन ओळींत लिहायचं, आणि सगळं एका ठिकाणी ऑनलाइन साठवायचं. नोकरीला अर्ज करताना कंपनीला नुसती लिंक पाठवायची. काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेनं स्लाइड बनवल्या, सगळ्या सहकाऱ्यांना अर्धा तास समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हमीद सर उभे राहिले.

"मॅडम, फोटूवर हात फिरवून बघता येतंय का?"

"नाही सर."

"मग कड घासली का न्हाय ते कसं कळायचं?"

"सर, पोर्टफोलिओ म्हणजे..."

"पोट-फोलिओ," सर म्हणाले. "नावातच पोट हाय. वेळ खाणारच."

सगळे हसले. मला रडू यायचं बाकी राहिलं.

पुढच्या पंधरा दिवसांत वेल्डरची खाती भरली, इलेक्ट्रिशियनची भरली. फिटरची कोरी. कशी भरणार? सरांच्या वर्कशॉपच्या दारात एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. आत शिरताना प्रत्येकानं आपला मोबाईल त्यात टाकायचा. "लोखंड घासायची कानस दोन्ही हातांनी चालती. तिसरा हात असंल त्यानं मोबाईल धरावा." मी हात जोडले, प्राचार्यांचं नाव घेतलं. शेवटी चहाच्या सुट्टीतली दहा मिनिटं मिळाली.

आणि त्या दहा मिनिटांत सरांनी पोरांचा जीव खाल्ला. फोटो खिडकीच्या उजेडातच काढायचा. जॉबशेजारी मोजपट्टी ठेवायची. हलला की परत. एका पोराचा फोटो चौदा वेळा काढून घेतला. पोरं माझ्याकडं तक्रार घेऊन यायची, "मॅडम, आमच्या लग्नात बी एवढे फोटो निघणार न्हाईत."

पण खरी ठिणगी पडली ती निराळ्या गोष्टीवरून. एके दिवशी मी फिटरची खाती उघडली, तर त्यात वाकडे, बिघडलेले, भंगारात टाकायचे जॉबही चढवलेले. मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले.

"सर, हे कंपन्या बघणार आहेत! चुकलेलं कशाला टाकलंय?"

"चुकलंय म्हणून टाकलंय."

"अहो, ही शोकेस आहे."

"शोकेस तुळजापूरला, दुकानात. हितं वर्कशॉप हाय." सर कानस खाली ठेवून म्हणाले, "पोरगं चुकलं, का चुकलं त्यानं हुडकलं, मग बरोबर केलं. ह्यातलं पहिलं झाकून ठिवलं तर शिकलं काय ते कुणाला दिसायचं?"

मी रागानं बाहेर पडले. आठवडाभर आम्ही एकमेकांना फक्त नमस्कार केला.

फिटरच्या त्या बॅचमध्ये एकच मुलगी होती. प्रज्ञा, सास्तूरची. एसटीनं यायची. बोलायची कमी. घरी आईबापांचा पाठिंबा होता, पण गावात लोक विचारायचे, "पोरीच्या जातीनं लोखंड कशाला घासायचं?" पुण्याकडच्या एका कारखान्यात तिनं अप्रेंटिसशिपला अर्ज केला होता. मुलाखत ऑनलाइन, माझ्या लॅबमध्ये. मी तिच्या शेजारी, कॅमेऱ्यात न येता बसले. दार अर्धं उघडं होतं, आणि दाराच्या फटीतून एक खिसा आणि त्यातलं व्हर्निअर तेवढं दिसत होतं.

पडद्यावरच्या, कारखान्याच्या साहेबांनी तिची लिंक उघडली. फोटो सरकवत गेले. मग म्हणाले, "काम चांगलं आहे. खरं सांग, तू केलंस की कुणा भावानं करून दिलं?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. तिला शब्द फुटेना.  आता काय पुरावा द्यायचा?

साहेब अजून खाली सरकवत होते. एकदम थांबले. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'कानस मारताना माझा उजवा खांदा पुढं जातो, त्यामुळं कड उतरती झाली. सरांनी जमिनीवर खडूनं पावलं काढून दिली. त्या पावलांवर उभी राहिले तेव्हा कड सरळ आली.'" वर तोच फोटो, बिघडलेल्या जॉबचा, शेजारी मोजपट्टी.

 मग साहेब म्हणाले, "दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारा माणूस असली चूक दाखवत नाही. खडूची पावलं अजून आहेत का गं तिथं?"

"आहेत सर," प्रज्ञा म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. पुढची वीस मिनिटं ती बोलत राहिली.

तिची निवड झाली. ती सरांच्या पाया पडायला धावली, तर सर मागं सरले. "पाया पडायच्या आधी हात धुवून ये, ग्रीस हाय." आणि डोळे पुसले, तेही ग्रीसच्याच हातानं. दिवसभर गालावर काळा पट्टा घेऊन हिंडले. कुणीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये जाऊन म्हटलं, "सर, माझंच चुकलं होतं. तुमचे उपकार आहेत."

 सरांनी कपाटातून एक फडकं काढलं, माझ्यासमोर उलगडलं. आत लोखंडाचा एक चौकोनी तुकडा होता. दोन बाजू आरशासारख्या घासलेल्या, दोन तशाच खडबडीत. तेल लावून जपलेला, गंजाचा ठिपका नाही.

"मॅडम, एक खातं उघडायचं हुतं. पोरगं हजेरीत न्हाय."

"कोण?"

"दिगंबर. ह्या प्रज्ञाच्याच गावचा. माझी पहिली बॅच." सर त्या तुकड्यावर अंगठा फिरवत होते. "तवा मी नवा. वर्गात उभा राह्यलो की जीभ टाळूला चिकटायची. पोरं हसायची. हा पहिल्या बाकावर. माझं आडलं की मुद्दाम हात वर करून काहीतरी विचारायचा. म्हायती असून विचारायचा. त्याला उत्तर देता देता मला बोलता यायला लागलं. शिकवायला मला त्यानं शिकवलं, मॅडम. गणपती बुडवायला गावाकडं गेला. जाताना म्हणला, सर, उरलेल्या दोन बाजू परत आल्यावर करतो."

पुढचं सर बोलले नाहीत. आमच्या भागात बोलावंही लागत नाही. त्र्याण्णव सालच्या त्या विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला, सास्तूर ढिगाऱ्याखाली गेलं.

मी खातं उघडलं. नियमात बसत नव्हतं, पण उघडलं. सरांनी स्वतः खिडकीच्या उजेडात फोटो काढला. सिस्टीमला मोबाईल नंबर लागतो, तो दिल्याशिवाय पुढं जात नाही. मी थांबले. सर म्हणाले, "माझा टाका."

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. परवा ईदला मी मुरुमला त्यांच्याकडं गेले होते. सरांच्या बेगम गेल्याला बरीच वर्षं झाली, लेक हैदराबादला असते; शीरखुर्मा त्यांनी स्वतःच केला होता. खात असताना त्यांचा मोबाईल वाजला. सर चष्मा लावून वाचत राहिले, म्हणून मीही डोकावले. आमच्याच सिस्टीमचा मेसेज होता. ज्यांचा जॉब पुरा नाही त्यांना तो दर महिन्याला आपोआप जातो: 'दिगंबर, तुमचे काम अपूर्ण आहे. कृपया पूर्ण करा.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "सर, माफ करा. आजच्या आज बंद करते."

"नगा करू, मॅडम," सर म्हणाले, आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी शीरखुर्मा वाढला. "महिन्यातनं एकदा कुणीतरी त्याला नावानं हाक मारतंय. तुमचे लई उपकार हायत."