बार ऐकला त्याचा वाटा

भिंतीवर शिंगं टांगलेली दिसली की हसनचाचा आपली टोपी काढून त्यांना अडकवत. घर कोणाचंही असो. कुवेतमध्ये गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी फळीवर बसवलेलं हरणाचं मुंडकं असायचंच. काचेचे डोळे, भुसा भरलेली मान, खाली पितळेची पट्टी. चाचा पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर. टाकी भरून झाली की ते दारातून आत डोकवायचे, टोपी शिंगाला अडकवायचे, घाम पुसायचे आणि मुंडक्याकडे बोट करून विचारायचे, "ह्याना खाल्लान कोनी?"

साहेबाला वाटे, म्हातारा शिकारीचं कौतुक करतोय. तो खूश होऊन कुठे मारलं, कसं मारलं ते सांगायचा. चाचा सगळं ऐकून घेत आणि पुन्हा विचारत, "ता झाला. पन खाल्लान कोनी?"

हा माणूस माझ्या गावाजवळचा, दाभोळच्या खाडीकाठचा. म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो, आणि म्हणूनच त्यांनी माझं जे नुकसान केलं ते मी अजून विसरलेलो नाही. मी या देशात आलो तो गलबतावर भांडी घासत. सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, माझं स्वतःचं किराणा दुकान झालं ते कोणाच्या उपकारानं नव्हे, घासाघीस करून. इराणी व्यापाऱ्यापासून बसऱ्याच्या खजूरवाल्यापर्यंत मला कोणी गुंडाळलं नाही. मला बुडवलं ते या टँकरवाल्यानं.

शिकारीचा नाद चाचांना गावापासून. जुनी एकनळी बंदूक त्यांनी वाळवंटातल्या कुठल्याशा बदू अरबाकडून दोन पोती तांदळाच्या बदल्यात मिळवली होती. (मी असतो तर एका पोत्यात आणली असती.) हरणं तेव्हाही विरळच झाली होती, तरी थंडीत दक्षिणेकडे वफ्राच्या पलीकडे एखादं दिसायचं. आता सलवाला जिथे वस्ती आहे तिथे तेव्हा नुसती वाळू होती. चाचा तिथे ससा मारायलाही जात. मारलेलं सगळं पोटात गेलं पाहिजे, हा त्यांचा कायदा. पायांचं सूप, काळीज तव्यावर, हाडं रश्श्यात. शिंगं मात्र फेकून देत. "रस्सा सोडतात काय शिंगा? मग?"

वाटपाचाही त्यांच्या गावचा कायदा होता. ज्यानं बार ऐकला त्याचा वाटा. गोळी सुटल्याचा आवाज ज्याच्या कानावर पडला, तो घरात असो की शेतात, त्याच्या घरी मटण जायचं. गावात हे ठीक. वाळवंटात बार ऐकणार कोण? उंट? पण चाचा शिकार घेऊन आले की आमच्या कोकणी पोरांच्या खोल्यांसमोर पिकअप उभी करत आणि एकेकाला विचारत, "बार आयकलास काय?"

"आयकला, चाचा."

"तू कुठं होतास?"

"शुऐबाला, कामावर."

"येवढ्या लांब शुऐबाला आयकू आला?"

"चाचा, हातातला पाना खाली पडला."

चाचा गंभीरपणे मान हलवत आणि वाटा देत. एकानं तर अंघोळ करताना कानात साबण असूनही ऐकला होता. मी एकदा म्हणालो, "चाचा, ही पोरं तुम्हाला बनवतात." तर म्हणाले, "तू नको सांगू. आयकलान म्हंतोय तो. बस."

आणखी एक खोड. शिकारीला निघताना कोणी मसाला वाटायला घेतला की चाचा भडकत. हौशी पोरं आधीच पाटा काढून सुकं खोबरं भाजायला बसत. चाचा चक्क पाटा उचलून दाराबाहेर ठेवत. "आदी मटन घरात येव दे. मग वाटन." आम्ही याला म्हाताऱ्याचं अपशकुनाचं खूळ म्हणायचो आणि हसायचो.

आता माझ्या नुकसानीचं सांगतो.

एका कंपनीच्या मेसला किराणा पुरवायचं काम निघालं होतं. खरेदीचा साहेब माझ्याशी बोलत होता. पीठ, डाळ, तूप, वर्षभराचं काम. मी त्याला भावात घोळवत आणला होता. फक्त शेवटची गाठ मारायची राहिली होती. बोलता बोलता साहेब म्हणाला, मायदेशी जाण्याआधी भिंतीला एक चांगलं हरण हवं. मी म्हटलं, हरण माझ्याकडून. वाट दाखवायला चाचांशिवाय दुसरा माणूस नव्हता.

आदल्या दिवशी मी चाचांना बसवून समजावलं. आपल्याला मांस चालायचं तर जीव जायच्या आत बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरली पाहिजे. आणि साहेबाला भुसा भरायला मान हवी छातीपर्यंत अखंड, एक ओरखडा नको.

"चाचा, हे हरण आपलं नाही. साहेबाचं. सुरी लावायची नाही."

"बरा," चाचा म्हणाले.

चाचांचं 'बरा' म्हणजे होकार नव्हे, नुसती पोच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

साहेबाच्या जीपमध्ये साहेब आणि मी. पुढे पिकअपमध्ये चाचा. सकाळी उन्हं वर यायच्या सुमाराला नर दिसला. शिंगं अशी की साहेबानं श्वासच रोखला. साहेबाचा नेम चांगला, एकच बार. हरण कोसळलं, पाय झाडत होतं. साहेब कॅमेरा काढायला मागे वळला आणि मला म्हणाला, मान आणि डोकं तेवढं कापून घेऊ, बाकी राहू दे इथेच. मी ते चाचांना आपल्या बोलीत सांगितलं.

"इथंच?" चाचा म्हणाले.

"इथंच. चला, हात लावा."

चाचांनी हात लावला. त्या वयात मी त्यांना पळताना पहिल्यांदा पाहिलं. हरणाचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि कानापासून कानापर्यंत सुरी फिरवली. साहेब ओरडत धावत गेला. चाचा रक्ताळलेली सुरी वाळूत पुसत त्याला समजावत होते, "साहेब, शिंग ओके. फुल ओके."

साहेब परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या शेजारी बसून सगळ्या भावांत सूट देत होतो. असा मी आयुष्यात कधी वाकलो नाही. त्यानं ते डोकंही घेतलं नाही. चाचांना मी हरणाशेजारी तसंच सोडून आलो, मागे वळूनही पाहिलं नाही. मेसचं काम समोरच्या गल्लीतल्या दुकानदाराला गेलं. त्याची डाळ किडकी असते, हे सगळ्या सूकला माहीत आहे.

मी चाचांशी बोलणं टाकलं. ते दुसऱ्या दिवशी फडक्यात काहीतरी बांधून आले. मी नोकराला सांगितलं, शेट नाहीत म्हण. मी समोरच उभा होतो. मग दर जुम्म्याला नमाज झाली की ते दुकानासमोर यायचे.

"दाऊद, तुजा वाटा—"

"समोरच्या गल्लीत बघा. तिथे किडकी डाळ पण मिळेल."

ते जायचे. पुढच्या जुम्म्याला पुन्हा हजर. हवा तापायला लागली तरी येणं थांबलं नाही. मटणाचं काय झालं असेल ते अल्लाला ठाऊक, असं मी मनात म्हणायचो.

एके दुपारी सूक बंद होतं. मी दुकानात फळी अर्धी लावून पडलो होतो. चाचा वाकून आत आले आणि तेच फडकं माझ्यासमोर सोडलं. मीठ लावून सुकवलेलं मटण, चपलेच्या तळासारखं. खोलीच्या गच्चीवर बोंबलांच्या दोरीवर त्यांनी ते वाळवलं होतं.

"बार आयकलास काय, येवढा सांग. मग जातो."

माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "कसला बार? माझ्या दुकानापर्यंत कुठलाच बार आला नाही."

चाचा साखरेच्या पोत्यावर बसले. मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "असाच म्हनाले होते."

"कोण?"

"गावचे. बाप गेला त्या साली." चाचांचं घर वाडीच्या टोकाला, वहाळापलीकडे. डोंगरात भेकर पडलं. आईनं बार ऐकला, उठली, पाट्यावर मसाला वाटून ठेवला. वाट पाहिली. कोणी आलं नाही. ती विचारायला गेली, तर म्हणाले, बार तुमच्या घरापर्यंत येत नाही. "नवरा नव्हता ना. कोन इचारतोय." घरी येऊन तिनं वाटणाचाच रस्सा केला, भाकरीसोबत वाढला. "मी बोटान ढवलून बगत होतो. म्हनाली, चांगला कवळा होता, मटन इरगळला."

बाहेर गल्लीत एक हमाल हातगाडी ओढत गेला.

मेसचं ते काम आजही आठवलं की माझी झोप उडते. वर्षभराचं काम होतं. पण मी म्हटलं, "आला होता बार. साहेबाच्या शेजारीच होतो मी. कानात दडा बसला होता."

"मग आदी सांगायचा," चाचा म्हणाले, आणि आपली टोपी डोक्यावर ठेवली.

मी मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवला. मटण उकळत टाकलं. ते काही केल्या शिजेना. तासाभरानं मी पाटा ओढला, खोबरं भाजून घेतलं, आणि हात थांबवून विचारलं, "चाचा, वाटू?"

चाचांनी झाकण उचललं. चटका बसत असतानाही बोट घालून एक तुकडा दाबून पाहिला, मग दुसरा.

"हाय," ते म्हणाले. "आता वाट."