डाव्या दाराचे सगूणबाब

घासलेट, छपाईची शाई आणि या दोघांपुढे रोज हार खाणारा चंदनाचा साबण. हा तिहेरी वास जिन्यावरून वर आला, की वाचनालयाच्या माडीवर बसलेले आम्ही सगळे समजून चुकत असू की सगूणबाब आले, आणि आता निदान तासभर दाराविषयी बोलणं होणार.

दार म्हणजे कुठलं, ते सांगते. त्याआधी माणूस सांगायला हवा.

सगूणबाब डिचोलीच्या बाजारामागच्या छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे खणांतून एकेक वेचायचे, ओळीत बसवायचे, ओळींचं पान बांधायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचणं हा त्या धंद्याचा श्वासच. पण सगूणबाबांचा श्वास छापखान्याबाहेरही तसाच चाले. चहाच्या दुकानात ते आतल्या बाकावर बसत आणि काचेवर बाहेरून रंगवलेली पाटी आतून, सावकाश, चवीनं वाचत. एकदा पंचायतीचा नवा रबरी शिक्का शाईत बुडण्यापूर्वीच त्यांच्या हाती आला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि गावाच्या नावातली एक मात्रा उडाली असल्याचं सरपंचांना सांगितलं. सरपंचांनी हसून शिक्का कागदावर मारला आणि मग हसणं आवरलं. सगूणबाब एवढंच म्हणाले, "तपासून पळयात." तपासून पाहा, हे त्यांचं पालुपद होतं. माशांच्या भावापासून मोक्षापर्यंत कुठल्याही विषयाचा शेवट ते याच दोन शब्दांनी करत.

दर रविवारी दुपारी आमचं चित्रपट मंडळ भरे. आठदहा माणसं, फुटाण्यांचा कागद, आणि एकच विषय. एका दिग्दर्शकावर आमची सगळ्यांची सारखीच भक्ती होती, आणि म्हणूनच आमचं कशावरही एकमत नव्हतं. चित्रपटांत येण्यापूर्वी ते कुठंतरी शाळेत शिकवत असत असं ऐकून होतो, म्हणून मंडळात त्यांचं नाव 'मास्तर'. मास्तरांचे पहिले पाच चित्रपट थोर, की नंतरचे? गाणी कमी झाली तेव्हा मास्तर वाढले, की आटले? या प्रश्नांवर मंडळाचे दोन तट होते. तिसरा तट एकट्या सगूणबाबांचा. त्यांचा सिद्धान्त असा, की मास्तरांच्या चित्रपटांत दुःख नेहमी डाव्या दारानं येतं. सुखाला कुठूनही येण्याची मुभा आहे. मृत्यूची बातमी, मोडलेलं लग्न, परतून न येणाऱ्याचं पत्र, हे सगळं डावीकडूनच.

"धाय सिनेमांत," ते दहा बोटं उघडून म्हणत. "तपासून पळयात."

इथं मंडळ दुसऱ्यांदा पेटे, कारण मास्तरांचे चित्रपट अकरा होते. अकरावा सगूणबाबांना मान्यच नव्हता. तो दुसऱ्याच कुणीतरी काढला असं त्यांचं मत होतं. पडद्यावर मास्तरांचं ढळढळीत नाव आहे, असं कुणी दाखवून दिलं तर ते शांतपणे म्हणत, की नाव काय कुणीही छापतो. आपण स्वतः रोज छापतो.

त्यांचे खरे प्रतिपक्षी म्हणजे आमचे वकील. वकिलांचं शिक्षण मुंबईत झालं होतं. मास्तरांचा प्रत्येक चित्रपट त्यांनी तिथल्या थिएटरात, पुढून सातव्या रांगेत बसून पाहिला होता आणि घरी येऊन वहीत उतरवला होता. वहीप्रमाणे दुःख उजव्या दारानं येत होतं. अकराही वेळा. वकील वही उघडून वाचत. सगूणबाब डोळे मिटून सांगत. विलक्षण गोष्ट अशी, की दोघांचं बाकी सगळं जुळे: सुपातले तांदूळ, कोनाड्यातली पणती, कोणत्या पावलाला पैंजण वाजलं तो क्षणसुद्धा. फक्त वकिलांच्या चित्रपटात नायिका उजव्या हातानं पाखडायची आणि सगूणबाबांच्या चित्रपटात डाव्या. मास्तरांचे सगळे नायक डावखुरे कसे, असं वकिलांनी खोचकपणे विचारलं, तेव्हा सगूणबाबांनी दयार्द्र नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. थोर माणसाची निवड थोरच असायची, असं त्यांचं उत्तर.

आज वाटतं, आरशात पाहून रोज भांग पाडणाऱ्या आम्हा आठदहा माणसांपैकी एकाला तरी हे कोडं उलगडायला हवं होतं. पण वाद इतका रसाळ होता, की तो सुटावा असं कुणालाच मनातून वाटत नसावं.

आणि ते दिवसही वादाचेच होते. घटकराज्य होणार की नाही, राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ एका पंक्तीला बसेनासे झाले होते. दोन्ही बाजूंची पत्रकं एकाच छापखान्यात येत आणि सगूणबाब दोन्हींचे खिळे सारख्याच मायेनं जुळवत. वर दोघांच्याही चुका दुरुस्त करून देत. तुम्ही कुठल्या बाजूचे, असं मंडळात कुणीतरी छेडलंच. ते म्हणाले, "राज्य जातलें. भाशेचेंय जातलें. पूण दाराचें कोण पळयतलो?" राज्य होईल, भाषेचंही होईल, पण दाराचं कोण पाहणार, ही त्यांची चिंता.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. माडीवर खुर्च्या मोजक्याच होत्या, तरी सगूणबाब दोन अडवत. खुर्चीला ते 'कदेल' म्हणत. एका कदेलीवर स्वतः, आणि डाव्या हाताच्या कदेलीवर त्यांची काळी छत्री, बारा महिने. कोल्हापूरकडच्या एका पाहुण्यानं एकदा छत्री अदबीनं भिंतीला टेकवून तिथं बैठक मारली. सगूणबाब उठले, आणि पाहुणा जाईपर्यंत दोन तास उभे राहिले.

मी त्याच गावच्या शाळेत मराठी शिकवत असे आणि मंडळाची चिटणीसही होते, म्हणून त्यांनी मला एक गुपित दाखवलं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, फळीवर, सुतळीनं बांधलेली बत्तीस पानं जुळवून ठेवलेली होती. 'मास्तरांची डावी दारं'. फावल्या वेळात, चार वर्षं, हाताने लिहून न घेता थेट खिळ्यांतच त्यांनी ते पुस्तक रचलं होतं. शिशावरून मी बोट फिरवलं. थंड, जड, आणि माझ्यासाठी मुकं. निवडणुकीतल्या एका उमेदवाराच्या पत्रकांच्या घाईपोटी मालकानं दोनदा ते खिळे मोकळे करायला सांगितले होते. दोन्ही वेळा सगूणबाबांनी रजेचा अर्ज लिहून पुढं केला होता.

घटकराज्य झालं त्या वर्षी वकिलांनी कुठूनसा मास्तरांच्या 'चौथा रांजण' या चित्रपटाचा रिळांचा डबा मिळवला आणि भर मंडळात पैज मांडली. चित्रपट सर्वांसमक्ष लावायचा. दुःख डावीकडून आलं, तर वकील आपली वही देवळाच्या तळीत बुडवतील. उजवीकडून आलं, तर सगूणबाबांनी मास्तरांविषयी मंडळात पुन्हा तोंड उघडायचं नाही, आणि त्या पुस्तकाचे खिळे परत खणांत टाकायचे. पुस्तकाचं वकिलांना कसं कळलं कोण जाणे. डिचोलीत भिंतींनाही छापखाना असतो.

मला वाटलं, सगूणबाब टाळतील. त्यांनी छत्रीच्या मुठीवर हात ठेवला. "मान्य," ते म्हणाले, आणि इतिवृत्तात तसं लिहून घ्यायला मला सांगितलं.

शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी खेळ ठरला. उजेड अडवायला सुर्ल्याहून खनिजाच्या ट्रकांवरच्या ताडपत्र्या आणल्या आणि जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, ठोकल्या. प्रत्येक ठोक्यागणिक तांबडी धूळ झरत होती. अंधारालाच गंज चढल्यासारखा वास सुटला होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी चादर ताणून बांधली. माणसं आली, बसली. वकील पुढून सातव्या रांगेत, मांडीवर वही घेऊन. यंत्र घरघरू लागलं.

'चौथा रांजण' पाहिलेला माणूस तो प्रसंग विसरत नाही. थोरली सून तांदूळ पाखडते आहे. घरात दुसरा आवाज नाही. दार उघडतं आणि धाकटा दीर आत येतो. त्याच्या हातात तिच्या नवऱ्याच्या वहाणा आहेत.  सूप मात्र आणखी दोनदा हलतं, सवयीनं.

दार उजवीकडून उघडलं.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या माना सगूणबाबांच्या जागेकडे वळल्या. जागा रिकामी होती. शेजारच्या खुर्चीवर छत्रीही नव्हती. वकिलांनी वही मिटली, पण जिंकलेल्या माणसासारखी नाही. रीळ बदलायला यंत्र थांबलं तेव्हा ते मला हलक्या आवाजात म्हणाले, की म्हाताऱ्याला शोधा, आपण पैज सोडून देऊ.

मी बाहेर पाहिलं, विहिरीपाशी पाहिलं. मग रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्या चढले, आणि तो वास आला: घासलेट, शाई, चंदन.

चादरीच्या मागच्या अंगाला, अंधारात, दोन कदेली मांडलेल्या होत्या. सकाळीच आणून ठेवल्या असणार. एकीवर सगूणबाब, डावीकडच्या दुसरीवर छत्री. समोर तीच चादर. फक्त आम्ही तिच्या पाठीमागं होतो. मी थबकून उभी राहिले. समोरून उजवं दिसलेलं ते दार इथून कुठं दिसलं असेल, हे माझ्या ध्यानात यायला एक श्वास पुरला.

"वकिलाचें बरोबर आसा, सेक्रेटरीबाय," ते मागं न बघता म्हणाले. "मुखार बसलेल्याक तें दार उजवेंच. खिळे जुळयतल्याक उलटें-सुलटें कळना, अशें दिसलें तुमका?"

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ते मूळ पेडण्याचे. त्यांची आई ऐन तारुण्यात विधवा झाली. डोक्यावर केस ठेवले नव्हते, अंगावर तांबडं लुगडं. देवळाच्या माळावर दर मोसमाला तंबूचा सिनेमा येई, पण अशा बाईनं चारचौघांत बसून सिनेमा पाहायचा, हे घराला आणि गावाला पटणारं नव्हतं. तंबूच्या मागच्या बाजूची कनात मात्र सैल असे. दिवे गेले की शाळकरी सगूण आईला हाताला धरून तिथून आत नेई आणि दोघं पडद्याच्या पाठीमागं गवतावर बसत. आईला वाचता येत नव्हतं. पडद्यावरची नावं तो तिला कुजबुजत वाचून दाखवी, आणि ती नावं उलटी असत. तीच त्याची पहिली उमेदवारी. छापखाना पुढं आला.

"आवय सदांच डावेकडेन बसताली," सगूणबाब म्हणाले. "दार तिच्या कुशीन. जें कितें येतालें, तें आदीं तिच्याकडेन येतालें. मागीर माझ्याकडेन." जे यायचं ते आधी आईपाशी, मग त्यांच्यापाशी.

असे वर्षांमागून वर्षं दहा चित्रपट. अकरावा आला तेव्हा आई नव्हती. तो त्यांनी पणजीच्या थिएटरात पाहिला, समोरून, पैसे देऊन, गादीच्या खुर्चीवर. दुःख उजव्या दारानं आलं, थेट त्यांच्या अंगावर. मध्ये कुणी नव्हतं. ते मध्यंतरात उठून घरी आले. तो मास्तरांचा चित्रपट असूच शकत नव्हता.

मग हे आम्हाला कधी सांगितलं का नाही, मी विचारलं. ते कोऱ्या चादरीकडे पाहतच म्हणाले: सांगितलं असतं, तर सगळे म्हणाले असते, सगूणानं उलटं पाहिलं. ते उलटं नव्हतं. आईनं पाहिलं तसं होतं. आता शब्द दिला होता. उद्या सकाळी खिळे मोकळे करणार होते.

मी चिटणीस होते, आणि तो अधिकार आयुष्यात पहिल्यांदा वापरला. पैज दाराविषयी होती, मी म्हणाले, दार कुठून पाहावं याविषयी नव्हती. इतिवृत्त मी लिहिलं आहे. मंडळात तुम्ही बोलू नका हवं तर. पण खिळे मोडायचे नाहीत. पहिल्या पानावर फक्त एक ओळ वाढवा: 'पडद्यामागून पाहिलेले'. त्यांची बोटं मांडीवर हलू लागली, खण चाचपावेत तशी. अक्षरं मोजून झाल्यावर ते पुटपुटले, की त्या ओळीत आणखी एका नावाला जागा होईल.

पुस्तक निघालं. वकिलांनी वही बुडवली नाही. प्रत्येक नोंदीपुढं कंसात 'समोरून' असं मात्र लिहून ठेवलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी पलीकडे यंत्र पुन्हा घरघरलं आणि चादरीवर उजेड पडला. वकिलांना निरोप द्यायला मी निघाले होते. सगूणबाबांनी छत्री उचलली, स्वतःच्या मांडीवर आडवी घेतली, आणि डाव्या कदेलीवरची तांबडी धूळ तळहातानं दोनदा पुसली. एवढ्या वर्षांत ज्यांनी मला कधी अहोजाहोखेरीज हाक मारली नव्हती, ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बस."